माळ लाव, पण आधी जोड बघ

मनू, तू पाठवलेला गॅलरीचा फोटो बघितला. झकास दिसतंय गं. चांदणीचा कंदील, ग्रिलला गुंडाळलेल्या माळा, कोपऱ्यात तुळस, खाली ठिपक्यांची रांगोळी. स्वतःच्या घरातली पहिली दिवाळी, हौस असणारच. पण आपण पडलो वायरमनच्या मुली. बाकीचे फोटोत उजेड बघतात, माझी नजर आधी वायर कुठून कुठे गेलीय तिकडे जाते. आणि त्या फोटोत बरंच काही खटकलं. फोनवरच बोलले असते, पण फोनवर तू निम्मं ऐकतेस आणि उरलेल्या निम्म्यावर "हो गं ताई" म्हणतेस. म्हणून लिहून पाठवतेय. फराळाचं आटोपलं की निवांत वाच, आणि निखिलरावांनाही वाचायला दे. शिडीवर तेच चढणार आहेत.

आधी त्या ग्रिलचं बोलू. माळ थेट लोखंडावर गुंडाळलीस, वर घट्ट बसावी म्हणून बाइंडिंग वायरचे वेढे दिलेस. एकदा ती माळ हातात घेऊन नीट बघ. आत तांब्याचे केसासारखे मोजके तंतू, वर प्लॅस्टिकचा पापुद्रा, संपलं. ग्रिलच्या पट्टीला धार असते, वेल्डिंगच्या जागी बारीक टोकं असतात. वाऱ्यावर माळ दिवसरात्र त्यावर घासते. बाइंडिंग वायर तर मुद्दाम दाबूनच बसवलेली. पापुद्रा कापला गेला की तांबं लोखंडाला टेकलं.

आता यातली खरी भीती ऐक. माळेचा प्लग टू-पिन, म्हणजे अर्थिंग नाहीच. ग्रिल भिंतीत ठोकलेली, तिलाही अर्थिंग नाही. त्यामुळे उघडी वायर टेकली तरी एमसीबी पडत नाही, माळ विझत नाही, ठिणगीसुद्धा उडत नाही. अख्खी ग्रिल २३० व्होल्टवर येऊन गप्प बसून राहते. कुणीतरी ओल्या हाताने टॉवेल वाळत घालायला जातं, तेव्हा कळतं.

तू म्हणशील, एवढासा एलईडी, त्यात कसला आलाय करंट! सगळे हेच म्हणतात. पांढऱ्या एलईडीला जेमतेम ३ व्होल्ट लागतात, लाल-पिवळ्याला २ च्या आसपास, हे खरं. पण म्हणूनच तर त्यांची एकामागे एक लांबलचक रांग करतात आणि ती रांग थेट घरच्या विजेवर लावतात. स्वस्तातल्या माळेत मध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, अडॅप्टर नसतो. दिवा इवलासा असला तरी वायर मिक्सरच्या वायरीइतकीच जिवंत.

ग्रिलवर माळ हवीच असेल तर अडॅप्टरवाली घे. ५ व्होल्टच्या यूएसबीवर किंवा १२-२४ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणाऱ्या माळा सर्रास मिळतात. अडॅप्टर घरात कोरड्यात राहतो, बाहेर जाते ती कमी व्होल्टची वायर. ती घासली, तुटली तर फार तर माळ बंद पडेल. उजेड थोडा मंद वाटतो, पण गॅलरीत बसून तुला काही पेपर वाचायचा नाहीये. आणि आणलेल्या माळाच वापरायच्या असतील तर ग्रिलच्या आतल्या बाजूने नायलॉनची दोरी आडवी ताण आणि माळ त्या दोरीला प्लॅस्टिकच्या टायने किंवा सुतळीने बांध. लोखंडाला कुठेच टेकू देऊ नकोस. कपडे वाळत घालायच्या तारेवरही नको. खिळे आणि स्टेपलर तर नकोतच, स्टेपलरची पिन दोन्ही वायरींतून आरपार जाते.

दुसरं, त्या फोटोत माळेची वायर स्लायडिंगच्या खिडकीतून आत घेतलेली दिसतेय आणि खिडकी बंद आहे. डास येतात म्हणून ओढून घेतली असशील. अॅल्युमिनियमची फ्रेम प्रत्येक वेळी त्या वायरीवर दाबून बसते. मग एक दिवस फ्रेमच करंट मारते. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात स्पंजचा किंवा थर्माकोलचा तुकडा भरून वायरीपुरती फट ठेव, डासही येणार नाहीत. (थर्माकोल पॅकिंगमधला पडलेला असेल तोच वापर, सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे.)

आता ज्यासाठी हा सगळा प्रपंच मांडला ते सांगते. लोक लोडची काळजी करतात. "एवढ्या माळा लावल्यात, मीटर जळेल!" असं शेजारच्या काकू म्हणाल्या तर हसून सोडून दे. साध्या एलईडी माळेला ५ ते १० वॅट लागतात. तुझ्या सगळ्या माळा मिळून एका जुन्या साध्या बल्बएवढ्या भरतील. बोर्डावरच्या ६ अॅम्पिअरच्या सॉकेटला १३८० वॅटपर्यंत चालतात, गणित तूच कर. लोड हा एलईडीच्या जमान्यातला खरा धोका नाही. धोका आहे जोडात. जिथे एक वायर दुसरीला मिळते, जिथे पिन सॉकेटमध्ये शिरते, जिथे बल्ब होल्डरमध्ये बसतो, तिथे. जोड सैल असला की तेवढ्याच जागी गरम होतं, प्लॅस्टिक मऊ पडतं, काळं पडतं, मग पेटतं. बाबा माळ तपासताना दिवे बघायचेच नाहीत. जोड चाचपत जायचे.

तेव्हा तुझ्या माळा उतरव. हो, सगळ्या. दिवसाउजेडी फरशीवर पसर, प्लग काढलेला असू दे, आणि दोन बोटांच्या चिमटीतून अख्खी माळ सरकव. मध्येच खरखरीत लागलं, वायर चपटी लागली, एखादा एलईडी मुळाशी हलला, तर ती माळ बाजूला टाक. मग प्लगपाशी ती आठ तऱ्हेने लुकलुकवणारी डबी असते ना, ती बघ. माळेतली सगळ्यात कच्ची वस्तू तीच. माळ अर्धा तास चालू ठेव, प्लग काढ आणि मग डबीला हात लाव. कोमट चालेल. हात मागे घ्यावासा वाटला तर ती माळ घरात नको, मग ती कितीही सुंदर असो.

आणि एक माळ कमी पडली म्हणून दुसरीची वायर सोलून पहिलीला पिळलेली आहे, वर सेलोटेप. निखिलराव, हे तुम्हाला. सेलोटेप उन्हात सुटतो, दवात सुटतो. जोड द्यायचाच तर दोन्ही वायरींचे जोड समोरासमोर न येता पुढे-मागे द्यायचे आणि प्रत्येकावर वेगळी इन्सुलेशन टेप ताणून गुंडाळायची. पण मी म्हणते, माळ जोडायचीच कशाला? पुष्कळ माळांना शेवटी दुसरी माळ लावायची सोय असते, पाकिटावर किती जोडता येतात तेही लिहिलेलं असतं. नसेल तर दुसरा प्लग वापरा.

प्लगवरून आठवलं. अजूनही लोक वायरीची उघडी टोकं सॉकेटमध्ये घालून वर काडेपेटीच्या काड्या खोचतात! गणपतीच्या मांडवात तर मी दरवर्षी बघते. वीस-तीस रुपयांचा प्लग वाचवायला एवढी कलाकारी. तू असं करणार नाहीस हे माहीत आहे, पण कंदील लावायला जो मुलगा येईल तो करेल. त्याच्यावर नजर ठेव.

एक्स्टेन्शन बोर्डाचं तेवढंच. एकाला दुसरा, दुसऱ्याला मल्टिप्लग अशी आगगाडी नको. माळांच्या बोर्डावर माळाच. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नेमकी साडीला इस्त्री करायची आठवण होते आणि हाताशी तोच बोर्ड असतो. इस्त्रीला हजार वॅट लागतात, तिची जागा भिंतीवरच्या सॉकेटमध्ये. बोर्ड गालिच्याखाली, दिवाणाखाली सारू नकोस. आणि घरात मासळी शिजलेली नसताना कुठून तरी सुकटासारखा वास आला, तर शेजाऱ्यांना नावं ठेवू नकोस, आधी बोर्ड आणि प्लग तपास. बऱ्याच बोर्डांचं आणि प्लगचं प्लॅस्टिक तापलं की तसाच वास येतो. ठिणगी दिसायच्या आधी तो वासच सांगतो.

तुमच्या फ्लॅटमध्ये आरसीसीबी आहे का बघितलंस? मेन बोर्डाचं झाकण उघड. एमसीबीच्या ओळीत एक रुंद स्विच असेल, त्यावर ३० एमए किंवा ०.०३ ए लिहिलेलं आणि शेजारी "टी" किंवा "टेस्ट" असं छोटं बटण. एमसीबी वायर वाचवतो. माणूस वाचवतो तो हा. करंट वायरीतून परत न येता कुणाच्या अंगातून जमिनीत जायला लागला की हा क्षणात पडतो. ते टेस्ट बटण दाब. खट्कन पडला तर चालू आहे, वर कर आणि कामाला लाग. पडला नाही तर बिघडलाय. आणि मुळात नसलाच, तर दिवाळीच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून बसवून घे. कंदिलात, माळांत जेवढे घालवशील त्याहून थोडे जास्त पैसे जातील, पण बाराही महिने उपयोगाचा आहे. मात्र तो आहे म्हणून बिनधास्त होऊ नकोस. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरलीस तर त्याला काही कळत नाही.

आता पाणी. दिवाळी म्हणजे कोरडी थंडी असं आपल्या डोक्यात असतं, पण २०१९ आठव. अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ आणि इकडे दिवाळीत पाऊस. लोकांचे कंदील पाण्याने भरले होते. पाऊस नसला तरी पहाटेचं दव असतंच. शिवाय माळा काही भाऊबीजेला उतरत नाहीत, तुळशीचं लग्न होईपर्यंत राहतात, त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत ओढतात. म्हणजे पंधरवडाभर त्या रोज भिजतात. बाहेर लावायच्या माळेच्या पाकिटावर निदान आयपी ४४ हवं, उघड्या गच्चीवर आयपी ६५. आयपी २० म्हणजे फक्त घरात. काहीच लिहिलेलं नसेल तर तीही घरातलीच समज. जोडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधतात ना, ती बहुतेक लोक उलटी बांधतात. तोंड वर करून आवळली की पाणी आत साचतं आणि जोड त्यात बुडून बसतो. तोंड खाली ठेवायचं आणि थोडं उघडं ठेवायचं. वायर सॉकेटकडे जाताना मध्ये खाली एक झोल सोड, म्हणजे वायरीवरून येणारं पाणी त्या झोलावरून गळून पडेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही.

आणि तुळस! तुझ्या फोटोत तुळशीच्या कुंडीभोवती माळेचे तीन वेढे आहेत. सकाळी आंघोळ करून, ओल्या केसांनी, अनवाणी, सासूबाई तांब्याने पाणी घालणार. त्या वेळी माळ रात्रीपासून चालूच असली तर? विचार करूनच पोटात गोळा येतो. कुंडीची माळ आजच काढ. तिथे सेलवरची माळ लाव, नाहीतर सरळ पणती. तुळशीपुढे पणतीच शोभते, असं सासूबाईंना सांगितलंस तर त्या खूशही होतील.

माळ काढताना, सरकवताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग उपसायचा. तुमची बिल्डिंग जुनी आहे. जुन्या वायरिंगमध्ये कधीकधी बटण चुकून न्यूट्रलवर घातलेलं असतं. मग बटण बंद केल्यावर माळ विझते, पण तिच्यात फेज तशीच शिल्लक राहते. खात्री करायची तर बटण बंद ठेवून सॉकेटच्या भोकांत टेस्टर घालून बघ. पेटला तर समज, आणि इलेक्ट्रिशियनला सांग. बाबांचा तो पिवळ्या मुठीचा टेस्टर दादाकडे आहे, मागून घे. नाहीतर तो त्याने रंगाचा डबा उघडायला वापरलाच असेल.

कंदिलाबद्दल एकच भांडण आहे माझं. सासूबाईंना पिवळा उजेड हवा म्हणून तू ६० चा जुना बल्ब लावलास, असं तूच म्हणालीस. तो बल्ब हाताला लावून बघ, म्हणजे बघू नकोसच. कागदाचा कंदील, वाऱ्याने हलणार, बल्ब कागदाला टेकणार. त्यात खाली झिरमिळ्या. पूर्वी झिरोचा बल्ब लावायचे, तोही नावालाच झिरो, १२-१५ वॅट खायचा. आता ५ किंवा ७ वॅटचा वॉर्म व्हाइट एलईडी घे, उजेड अगदी तसाच पिवळा, आणि बल्ब कोमटच्या वर जात नाही. कंदील वायरीवर लोंबकळत ठेवू नकोस. वजन दोरीवर, वायर नुसती सोबत. होल्डरमधून वायर ओढली जाऊन सुटणं ही कंदिलाची ठरलेली दुखापत आहे.

पणत्यांचं तुला काय सांगू, लहानपणापासून लावतेस. पडद्यापासून लांब, चालण्याच्या वाटेत नको, आणि पणत्यांच्या रांगेत वाकताना पदर खोचलेला असू दे, ओढणी असेल तर ती काढूनच ठेव. सिंथेटिक कापड जळतं तसं वितळून अंगाला चिकटतंही. भाजलंच तर वाहत्या नळाखाली वीस मिनिटं धर. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नको. आणि माळ पेटली तर पाणी ओतायचं नाही, आधी मेन बंद. करंट लागलेल्या माणसालाही मेन बंद केल्याशिवाय हात लावायचा नाही. १०१, १०८ आणि महावितरणचा १९१२ फ्रिजवर चिकटवून ठेव.

पण त्या सेलवरच्या पणत्या आणल्यास ना, पाण्यात टाकल्या की पेटणाऱ्या, किंवा लुकलुकणाऱ्या मेणबत्त्या, त्यांची मला पणतीपेक्षा जास्त धास्ती आहे. तुझ्या जावेचं बाळ दोन वर्षांचं. त्या पणत्यांच्या पोटात चपटा बटन सेल असतो, कित्येकींचं झाकण नुसतं नखाने उघडतं. मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला की लाळेशी संपर्क येऊन तिथे भाजायला लागतं, दोन तासांत मोठी इजा होते. नाणं गिळलं की केळं खाऊ घालून वाट बघतात तसं इथे चालत नाही. केळं नाही, ओकारी काढायची नाही, थेट हॉस्पिटल, आणि पोचल्या पोचल्या सांगायचं की बटन सेल असावा. घ्यायच्याच तर झाकणाला स्क्रू असलेल्या घे, आणि दिवाळी झाल्यावर जुने सेल उघड्यावर टाकू नकोस. उतरलेला सेलही तसाच घातक असतो.

नवीन माळा आणायला तपकीर गल्लीत जाशीलच. आम्ही इकडचे लोहार चाळ गाठतो, तुझी चैन आहे. गर्दीच्या दिवशी जाऊ नकोस, दुकानदार माळ लावून दाखवत नाही. पाकिटावर "आर" आणि पुढे आठ आकडे असा बीआयएसचा नोंदणी क्रमांक शोध. मोबाइलवर बीआयएस केअर अॅप आहे, त्यात तो नंबर टाकला की कोणत्या कंपनीच्या नावावर आहे ते दिसतं. नंबर दुसऱ्याच वस्तूचा निघाला तर माळ तिथल्या तिथे परत कर. फूटपाथवरच्या माळेवर काहीच नसतं, आणि ती स्वस्त का असते ते वायर चिमटीत धरलीस की कळतं.

सोसायटीत तू कमिटीवर आहेस म्हणून जाता जाता: जिन्याच्या कठड्याला माळ लावली तर पायरीवर वायर लोळू देऊ नका, आगीच्या होजच्या पेटीसमोर रांगोळी-स्टँड काही नको. आणि रस्त्यावरच्या खांबावर आकडा टाकून गेट उजळायची आयडिया कुणी काढली तर मोडीत काढ. ती वीजचोरी आहे, वीज कायद्यात कलमच आहे.

रात्री झोपताना सगळं बंद, हे मी सांगायला नको. विसरत असाल तर टायमरचा प्लग मिळतो, अकराला आपोआप बंद होतो. आणि माळा उतरवल्यावर गोळा करून पिशवीत कोंबू नकोस. पुठ्ठ्यावर सैल गुंडाळ, झाकणाच्या डब्यात ठेव. माळ्यावर उंदीर वायर कुरतडतात आणि पुढच्या वर्षी तीच माळ आपण अंधारात, घाईत प्लगला लावतो.

तपकीर गल्लीतून येताना माझ्यासाठी दोन बॅकेलाइटचे होल्डर आणि काळ्या इन्सुलेशन टेपची दोन बंडलं आण, इकडे होल्डर निम्मे प्लॅस्टिकचेच देतात. पैसे भाऊबीजेला दादाकडे भेटू तेव्हा देते. आणि माझा चकलीचा सोऱ्या तुझ्याकडे आहे, तोही त्याच पिशवीत टाक.